युद्धकाळात लष्करी पोलिसांनी जबाबाला बोलावले तर

सीमेवरच्या मुलाचा 'मिलिटरी पोलिसांनी जबाबाला बोलावलंय' एवढाच फोन आला, की चाळीसगाव असो वा शिरपूर, घरचे लोक आधी ओळखीच्या पुढाऱ्याकडे धाव घेतात. त्या वेळी मुलाला वशिल्यापेक्षा नियमांची माहिती अधिक उपयोगी पडते.

लाल टोपीवाले पोलीस तपास करतात, अटकही करतात, परंतु सेना अधिनियम 1950 च्या कलम 107 नुसार त्यांना स्वतःच्या अधिकारात शिक्षा देता येत नाही. जवान ताब्यात असेल, तर कलम 102 नुसार 48 तासांपेक्षा अधिक काळ आरोपाची चौकशी न करता त्याला ठेवू नये, मात्र सेवेच्या निकडीचा अपवाद तिथेच नमूद आहे आणि युद्धात तोच पुढे केला जाऊ शकतो. म्हणून वेळ टिपून ठेवावी. पारोळ्याजवळच्या एका माउलीने फोन ठेवताच कापसाच्या काटापावतीच्या मागे तारीख, वेळ आणि 'गार्डरूममध्ये ठेवलंय' या तीन गोष्टी लिहिल्या होत्या, आणि पुढे अर्ज करताना तोच कागद कामी आला.

सर्वांत जास्त चुका जबाबात होतात. कोर्ट ऑफ एन्क्वायरीत (घटनेच्या लष्करी चौकशीत) दिलेले निवेदन सामान्यतः त्या जवानाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि ज्याच्या चारित्र्यावर आच येते त्याला तिथे हजर राहण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधीची पुराव्याची नोंद) मात्र वेगळी असते: तिथे साक्षी लेखी घेतल्या जातात, आणि आरोपीला 'काही सांगण्याची सक्ती नाही, पण जे सांगाल ते लिहून घेतले जाईल व पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते' अशी सूचना द्यावी लागते. ती नीट ऐकावी, साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावी आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये.

साक्षीदार असाल, तर आपल्याच सेक्शनच्या (छोट्या तुकडीच्या) माणसाने गुन्हा केला म्हणून गप्प बसू नका; अन्याय झालेला माणूसही कुणाचा तरी मुलगा असतो. युद्धसेवेवर असताना जवानाकडून नागरिकाचा खून किंवा नागरिकावर बलात्कार झाला, तर त्याचा खटलाही कोर्ट मार्शलपुढे (लष्करी न्यायालयापुढे) चालू शकतो, एरवी देशात, केंद्र सरकारने अधिसूचित केलेली सीमा ठाणी सोडली, तर तो फौजदारी न्यायालयातच चालतो.

शिक्षा झालीच, तर कलम 164 नुसार अर्ज करावा, त्यानंतर मुंबईतील सशस्त्र दल न्यायाधिकरणात अपील करावे. कागद जुळवण्यासाठी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काटापावतीसारखे सर्व टिपण सोबत नेऊन भेटावे.