पैठणीचे फोटो वेबसाइटवर चढवण्याआधी

मूळ फोटो आधी वेगळ्या डिस्कवर जसेच्या तसे ठेवून द्या आणि काम कॉपीवरच करा. विकली गेलेली साडी पुन्हा फोटोसाठी हातात येत नाही.

मग निवड. एका पैठणीला सहा-सात फोटो पुरे: पूर्ण पदर, काठ, अंगावरची बुट्टी, घडी, नेसलेली एक, आणि पदराची उलटी बाजू. ही उलटी बाजू अजिबात गाळू नका. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे दिसतात. जाणती बाई दुकानात पदर उलटून बघतेच, इथे तो आपण उलटून दाखवायचा.

सगळ्यात जास्त वेळ रंगाला द्या. फोटो खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून काढलेले असावेत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणं, एकदा करड्या कार्डावरून लावला की त्या साडीच्या सगळ्या फोटोंना तोच ठेवा आणि प्रत्यक्ष साडी स्क्रीनशेजारी धरून ताडून बघा. रंग भडक करू नका. घरी पोचलेली साडी फिकी वाटली तर विणकराच्या मेहनतीवरचा विश्वास जातो. धूपछाँव साडीत ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, म्हणून तिचे दोन कोनांतून दोन फोटो हवेतच. फोटोत जरीचा भाग पांढराफट्ट पडला असेल तर हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणा. फाइल एसआरजीबीमध्येच, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, काढा.

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. गॅलरीत लांब बाजू २००० पुरते, छोट्या चित्राला ६००. लहान करताना बारीक विणीवर लाटांसारखे पट्टे उमटतात, त्याला मोआरे म्हणतात. तसं झालं तर मूळ फोटो किंचित मऊ करून पुन्हा लहान करा, आणि शार्पनिंग (कडा धारदार करणं) सगळ्यात शेवटी. डीपीआयचा (छपाईत इंचाला किती ठिपके, त्याचा) आकडा ७२ की ३००, याने स्क्रीनवर काहीच फरक पडत नाही.

जेपेगची क्वालिटी ८०च्या आसपास ठेवा. काठाच्या जवळून घेतलेल्या फोटोंना क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती कमी करून साठवणं) बंद हवं, नाहीतर चार पिक्सेलांत मिळून एकच रंग साठवला जातो आणि लाल काठावरची हिरवी मुनिया (पोपटाची नक्षी) कडेने विरघळते. वेबपी या फाइल-प्रकाराचा साधा (लॉसी) नमुना रंग नेहमी असाच साठवतो, म्हणून तो दुरून घेतलेल्या फोटोंनाच वापरा.

फोटो विणकराच्या घरी काढला असेल तर फाइलमधलं जीपीएस, म्हणजे जागेचा ठावठिकाणा, काढून टाका. फाइलचं नाव रोमन लिपीत, मधे मोकळी जागा न सोडता. वर्णन मात्र मराठीत, नीट: ‘जांभळी पैठणी, पदरावर बांगडी मोर’.

शेवटी साध्या फोनवर, मोबाइल डेटावर गॅलरी उघडा आणि विणकराच्या हातात द्या. ‘हा माझाच रंग’ असं तो म्हणाला की चढवा.