फुप्फुसातली चोरवाट: धमनी-शिरेचा थेट जोड शोधणे आणि बुजवणे

फुप्फुसातल्या केशवाहिन्या म्हणजे रक्ताची गाळणी. धमनी थेट शिरेला जोडली गेली, की रक्त ही गाळणी चुकवून हृदयाच्या डाव्या बाजूला पोचते. या जोडाला पीएव्हीएम म्हणतात. प्राणवायू कमी पडतो तो पडतोच, पण खरी भीती मेंदूची: रक्ताची गुठळी गेली तर पक्षाघात, जंतू गेले तर मेंदूत गळू. त्यामुळे दम लागत नाही, एवढ्यावर रुग्णाला घरी पाठवू नये.

बहुतेकांच्या मुळाशी एचएचटी हा आनुवंशिक आजार असतो. वारंवार घोळणा फुटणे, ओठ-जीभ-बोटांवर लाल ठिपके, आतल्या अवयवात असे जोड आणि सख्ख्या नात्यात हाच आजार. या चारांपैकी तीन जुळले की निदान पक्के, दोन जुळले तर संशय.

आधी ऑक्सिमीटर लावून झोपवून आणि मग उभे करून आकडा पाहा. जोड बहुधा खालच्या भागात असतात, म्हणून उभे राहिल्यावर आकडा घसरू शकतो. नाही घसरला तरी पुढची तपासणी टाळू नका.

ती म्हणजे बबल इको, म्हणजे शिरेत बारीक बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी. दोन १० मिलि सिरिंज थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) जोडा, सुमारे ९ मिलि सलाईन आणि १ मिलि हवा घेऊन जोरात इकडून तिकडे घुसळा आणि दिसणारी मोकळी हवा काढून लगेच हाताच्या शिरेत द्या. बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला पहिल्या तीन ठोक्यांत आले तर बहुधा हृदयाच्या पडद्यात छिद्र. त्यानंतर आले तर वाट फुप्फुसातून. नुसत्या ठोक्यांवर विसंबू नका, फुप्फुसशिरेतून येताना दिसले तर उत्तम.

मग १ ते २ मिमी जाडीच्या कापांचा सीटी. शिरेतून डाय (रंगद्रव्य) द्यावा लागत नाही. थुंकीतून रक्त आणि एक्स-रेवर गोल सावली दिसली की आपल्याकडे आधी क्षय आठवतो, पण तो असा जोडही असू शकतो. गाठ समजून तिथे बायॉप्सीची सुई मात्र घालू नका, जिवावर बेतेल.

पुरवठा करणारी धमनी २-३ मिमी किंवा मोठी असेल तर जांघेच्या शिरेतून कॅथेटर नेऊन कॉइल (तारेचे वेटोळे) किंवा प्लगने (बुचाने) ती बंद करतात. कॉइल धमनीपेक्षा २० ते ३० टक्के रुंद हवी. लहान पडली तर निसटून थेट डाव्या हृदयात जाते. धमनी-शिरा जुळतात तिथल्या फुगवट्याच्या जितके जवळ, तितके चांगले. मागे बसवली तर निरोगी फांद्या बंद होतात. सैल भरली तर वाट पुन्हा उघडते. कॅथेटरमध्ये हवेचा थेंबही नको.

नंतर काही दिवस छातीत टोचते, वेदनाशामकाने भागते. सीटी ६ ते १२ महिन्यांनी, पुढे दर ३ ते ५ वर्षांनी. जोड बुजला तरी दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक, सलाईनच्या नळीत हवा न जाऊ देणे आणि स्कूबा डायव्हिंग बंद, हे कायमचे. लोहाची कमतरताही भरून काढा, तिने पक्षाघाताचा धोका वाढतो. गर्भधारणेचा विचार असेल तर उपचार त्याआधी उरका. गरोदरपणात हे जोड वाढून छातीत रक्तस्राव होऊ शकतो.