रेड ऑइल: १३० अंशांच्या भरवशावर राहू नका

अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत स्फोट कसा टळतो, असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं: युरेनियम वेगळं काढणारं द्रावक ट्रायब्युटिल फॉस्फेट (टीबीपी) आणि नायट्रिक ऍसिड १३० अंश सेल्सियसच्या खाली ठेवा. दोन्ही एकत्र तापले की होणारं लालसर, स्फोटक मिश्रण म्हणजे रेड ऑइल. अर्धंच खरं. ही मर्यादा धरायची ती टीबीपी बऱ्यापैकी ताजं आणि टाकीचं तोंड मोकळं आहे, असं समजून.

रशियातल्या टॉम्स्क-७ या पुनर्प्रक्रिया केंद्रात ६ एप्रिल १९९३ रोजी टाकीत युरेनियमचं द्रावण होतं आणि त्यात वापरून खराब झालेलं द्रावक राहिलं होतं. आम्लता वाढवायला तीव्र नायट्रिक ऍसिड सोडलं, पण ढवळायची हवा पुरेशी नव्हती. त्यामुळे थर वेगळे राहिले आणि सेंद्रिय थराची उष्णता खालच्या पाण्यात उतरलीच नाही. वायू इतका झपाट्याने झाला की व्हेंटला (वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेला) झेपला नाही. टाकी फुटली आणि पाठोपाठच्या स्फोटात इमारतीचंही नुकसान झालं. प्रक्रिया सुरू झाली ती १३० अंश गाठायच्या कितीतरी आधी. थर्मामीटरकडे बघत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून द्रावण तापवण्याआधी, त्यात टीबीपी राहिलंय का हे पाहायला, नमुना वर, मध्ये आणि तळाशी, तिन्हीकडून घ्यावा. फक्त वरून घेणं हा आळस आहे. पातळ न केलेलं टीबीपी युरेनियमने भरलं की पाण्याहून जड होऊन खाली बसतं. बाष्पीभवकात केरोसीनसारखं विरळक वाफेबरोबर निघून जातं, त्यामुळे हलका थरही जड होऊ शकतो. नुसतं निथळून घेतलेलं पाणी स्वच्छ मानू नका. त्यात बारीक थेंब असतातच.

द्रावण तापवणाऱ्या वाफेच्या बाबतीत माणसावर विसंबू नका, तिचा दाबच मर्यादित ठेवा. संतृप्त वाफ १३० अंशांना साधारण २.७ बार निरपेक्ष दाबाची असते.

हायड्रॉक्सिलअमाइन नायट्रेट या पुनर्प्रक्रियेतल्याच दुसऱ्या रसायनाची टाकी ‘पातळच आहे’ म्हणून विसरणं ही दुसरी चूक. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात असं द्रावण चार वर्षं पडून राहिलं. पाणी उडून ते आटलं, ऍसिडसकट तीव्र झालं आणि १४ मे १९९७ रोजी टाकी फुटली. लोह असेल तर या रसायनाचं हे स्फोटक विघटन कमी तापमानाला सुरू होतं. वापर संपला की टाकी रिकामी करा. पातळी घटताना दिसली तर ‘गळती नाही ना’ एवढंच पाहून थांबू नका, तीव्रताही मोजा.

पुनर्प्रक्रियेत वापरलं जाणारं हायड्राझिन आणि नायट्रस ऍसिड एकत्र आले की हायड्राझोइक ऍसिड होतं: बाष्पशील, विषारी, स्फोटक.

वापरलेलं द्रावक सोड्याच्या द्रावणाने धुणं घाईत टाळू नका. टीबीपी खराब होऊन तयार होणारं डायब्युटिल फॉस्फेट तिथेच निघतं.