फॉल्ट हळू सरकतो म्हणून सोडून दिला? या चुका टाळा

मुंबई आणि आसपासच्या प्रोजेक्ट्सचे भूकंप धोक्याचे रिपोर्ट माझ्याकडे तपासायला येतात आणि दर वेळी तेच रडगाणं. सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य म्हणजे "शंभर वर्षांत इथे मोठं काही झालेलं नाही, जीपीएसमध्येही हालचाल नाही, सबब फॉल्ट (खडक तुटून सरकतात ती भेग) निष्क्रिय". अरे बाबा, आधी कागदावर हिशोब तरी मांड. समजा फॉल्ट वर्षाला 0.1 मिलिमीटर सरकतो, म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम 1 सेंटीमीटर, आणि जीपीएसची पाच-दहा वर्षं धरली तर ते एररमध्येच गायब. पण 20 किमी लांब, 15 किमी खोल असा फॉल्ट एकदम 1 मीटर सरकला तर साधारण 6.6 चा भूकंप होतो आणि तो 1 मीटर साठायला लागतात 10,000 वर्षं, त्यात तुझा शंभर वर्षांचा कॅटलॉग, म्हणजे भूकंपांच्या नोंदींची यादी, कुठे बसतो? किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होतं, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहितीय. मी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हा हिशोब हातानेच करते, आणि सरकण्याचा वेग वर्षाला 0.05 ते 0.2 मिलिमीटर असा पट्ट्यातच हवा, एकच आकडा दिसला की रिपोर्ट परत.

आणि "मागचा भूकंप 8,000 वर्षांपूर्वी झाला, अजून 2,000 बाकी आहेत" हेही नको, सरासरी म्हणजे लोकलचं टाइमटेबल नाही.

दुसरा प्रकार रेघांचा. एका कन्सल्टंटच्या रिपोर्टमध्ये पनवेल-कर्जत पट्ट्यातली सॅटेलाइट इमेजवरची प्रत्येक सरळ रेघ लाल करून खाली लिहिलेलं, अ‍ॅक्टिव्ह फॉल्ट. साइटवर गेला होतास का विचारलं तर पोरगा म्हणतो, मॅडम, इमेज हाय रिझोल्यूशनची आहे. नेलं त्याला भर उन्हात एका रोड कटिंगला. रेघ निघाली डाइक, बेसाल्टमध्ये उभी घुसलेली दगडाची भिंत, कडेला एकदम बारीक कणांची आणि मधे भरड, कारण कडेचा मॅग्मा आधी गार झाला. लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा डाइकच्या अलीकडे-पलीकडे एकाच लेव्हलला, म्हणजे तिथे वर-खाली काहीच सरकलेलं नाही. कोकणात असे डाइक ढिगाने आहेत, सगळे फॉल्ट धरले तर बांधायचं कुठे? खरंच संशय असेल तर खंदक खणा, वरची तरुण माती तुटलीय का बघा, तिचं वय काढा. वेळ लागतो, पैसे लागतात, लागू देत.

कोयनेचे धक्के मुंबईच्या रेटमध्ये, म्हणजे वर्षाला किती भूकंप या हिशोबात, मिसळू नका, ते धरणाच्या पाण्याशी जोडलेले आहेत, त्यांचा सोर्स झोन (भूकंप जिथे उगम पावतात तो भाग) वेगळाच ठेवा.

मे 1618 चा मुंबईचा "भूकंप" डोळे झाकून कॅटलॉगमध्ये कॉपी करू नका, बुडालेल्या जहाजांचं ते वर्णन वादळाचं आहे.

शेवटचं, फक्त 475 वर्षांचा नकाशा काढून मोकळे होऊ नका, म्हणजे 50 वर्षांत ओलांडला जायची शक्यता 10 टक्के असलेल्या हादऱ्याचा. 10,000 वर्षांतून एकदा हलणारा फॉल्ट त्यात जवळपास दिसतच नाही. हॉस्पिटल किंवा मोठा पूल असेल तर 2475 वर्षांचाही काढा, अजून एक रनच तर मारायचाय.