खाऱ्या वाऱ्यातला हायड्रंट: मे महिन्यात एकदा चालवून बघाच

हायड्रंटला, म्हणजे आग विझवायला इमारतीत बसवलेल्या पाण्याच्या मोठ्या नळाला, लाल रंग मारला की देखभाल झाली, असं बऱ्याच सोसायट्या धरून चालतात. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत हा रंगच फसवतो. बाहेरून सगळं चकाचक, आत व्हॉल्व्हचा दांडा गंजून बसलेला. आमच्याकडे एकदा चाक फिरवायला दोघे लटकले तेव्हा कुठे ते हललं. आग लागलेली नव्हती म्हणून त्यावर हसता आलं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. पण जुलैत आपल्याकडे पाऊस धो धो, फिटर शोधूनही सापडत नाही. म्हणून घरची तपासणी मेच्या सुरुवातीलाच उरकून घ्या. व्हॉल्व्ह मात्र दर महिन्याला फिरवायचा.

आधी वॉचमन आणि रहिवाशांना सांगून ठेवा, नाहीतर भोंगा वाजला की जिन्यात धावपळ होते. मग टाकीत पाणी किती आहे ते पाहा आणि प्रत्येक मजल्यावरची होजची, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या लांब नळीची, पेटी उघडा. हात घालण्याआधी आत नीट बघा, गांधीलमाशीला ही जागा फार आवडते. नोझलच्या, म्हणजे नळीच्या टोकाला लावायच्या तोटीच्या, तोंडातून उजेडाकडे बघा. कुंभारमाशीने मातीचं घर केलं असेल तर पाणी येणार कुठून? पितळी नोझल आणि कपलिंग (नळी जोडायचे सांधे) जागेवर आहेत का, तेही मोजा. भंगारात त्यांना चांगला भाव मिळतो.

चाक पूर्ण उघडून पुन्हा बंद करा, अर्थात पुढे होज जोडून किंवा खाली बादली ठेवून. दांड्याला ग्रीस लावा. रबरी वॉशरला मात्र साधं ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीस. समुद्राच्या तोंडावरच इमारत असेल तर धातूचे भाग अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा.

आता पंप. सिस्टिम ऑटोवर ठेवून थोडं पाणी सोडा. दाब उतरला की आधी पाइपातला दाब टिकवून धरणारा छोटा जॉकी पंप, आणखी उतरला की मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. मुख्य पंप आपोआप बंद होत नाही, तो हातानेच बंद करायचा असतो. हा बिघाड समजून कोणी सेटिंग बदलू नये. डिझेल पंप असेल तर आठवड्यातून एकदा चालवा, बॅटरी आणि डिझेल बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वेळी विजेचा पंप काय कामाचा?

खरी परीक्षा गच्चीवर. सर्वांत वरच्या हायड्रंटला होज आणि नोझल लावा, दोघांनी घट्ट धरा आणि मगच तिसऱ्याने व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. झटक्यात उघडला तर पाइपाला आतून हादरा बसतो आणि नोझल हातातून उसळतं. पाणी वाहत असताना गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) साधारण ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळायला हवा. मे महिन्यात एवढं पाणी गटारात सोडायला जीव धजत नाही. आम्ही ते माडांच्या आळ्यांत सोडतो.

ओला होज तसाच गुंडाळलात तर पावसाळ्यात बुरशी धरते. सावलीत लांब टांगून सुकवा आणि घडी घालताना जुन्या घडीवरच दुमडू नका, तिथेच तो चिरतो. तारीख, दाब, काय बदललं ते वहीत लिहा.

शेवटी फाटकाजवळचा, बंबाची नळी जोडायचा इनलेट. त्याची टोपी हाताने सुटते का बघा आणि पुढची जमीन पिवळ्या रंगाने रंगवून टाका. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या नेमक्या तिथेच लागतात.