रूमवरचा मित्र जास्त पिऊन आडवा झाला तर काय करायचं

परीक्षा संपली की साताऱ्यात कोणाच्या तरी रूमवर बसायचं ठरतंच, नाहीतर गाड्या काढून यवतेश्वर, कासचा रस्ता. आणि तिथं पैजेवर तासाभरात एकेकजण अख्खी क्वार्टर संपवतो. जरा हिशोब बघा, क्वार्टर म्हणजे 180 मिली, 42.8 टक्क्यांची, म्हणजे साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, आणि एका बैठकीत एवढं झालं की जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपान धरते. लिव्हर तासाला जेमतेम 7 ते 10 ग्रॅम काढतं, लिंबू, ताक, कॉफी काहीही पाजा, त्याचा वेग वाढत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून त्याला एकटं सोडायचं नाही. ग्लास खाली ठेवला तरी पोटातली दारू रक्तात जातच असते, त्यामुळे झोपल्यावर अजून चढू शकते. उताणा तर अजिबात झोपवू नका, उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढं, डोकं जरासं मागं आणि तोंड खालच्या बाजूला, आणि एकानं जागं राहून श्वास बघत बसायचं. घशात बोटं घालून उलटी काढू नका, अंगावर गार पाणी ओतू नका, अंग आधीच गार पडत असतं.

हलवून, चिमटा काढूनही उठत नाही, मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत 10 सेकंदांचा गॅप, ओठ-नखं निळी, फिट... यातलं एक जरी दिसलं तरी लगेच 108. सगळी लक्षणं दिसायची वाट बघू नका. बेशुद्ध पोराला दोघांच्या मधे धरून बाईकवरून घाट उतरवायचा नाही. डॉक्टरांना काय प्यायला, किती, किती वाजता, सोबत कुठल्या गोळ्या घेतल्या का, सगळं खरं सांगा.

फोन करायला पोरं का घाबरतात ते मला चांगलं समजतं. महाराष्ट्रात हार्ड ड्रिंक आणि स्ट्राँग बिअरला वय 25 लागतं, माइल्ड बिअर आणि वाइनला 21, वर पिण्याचा परवाना वेगळा, म्हणजे कॉलेजातलं जवळपास प्रत्येक पोरगं कायद्याच्या बाहेरच बसलेलं असतं. पण पोलीस, रेक्टर, घरचे, हे सगळं नंतर निस्तरता येतं हो, थांबलेला श्वास नाही. फोन कराच.

आणि गाडीचं. रक्तात 100 मिलीला 30 मिग्रॅच्या वर सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. रात्री उशिरापर्यंत बसून सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला गाडी काढलीत तरी मशीनमध्ये येऊ शकतं, त्या दिवशी रिक्षानं जा.