वस्तीत फॉर्म भरायला बसताना लोकांची माहिती कशी सांभाळायची

एनएसएसमध्ये (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत) वर्षाला १२० तास भरायचे असतात. तुम्ही कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल, तर त्यातले बरेचसे तास वस्तीत फॉर्म भरून द्यायला ठेवा. मी मुंबईत मानखुर्दला रविवारी बसते. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) ही कामं जास्त येतात. लोक आधार, पासबुक, कधी अख्खा मोबाईल आपल्या हातात देतात, म्हणून आधी थोडी तयारी हवी.

समाजमंदिर मिळालं तर उत्तम. सकाळी पाणी भरायची गडबड असते, दुपारीच बसा. तुमची पाठ भिंतीला हवी, म्हणजे रांगेतल्यांना स्क्रीन दिसत नाही. ज्यांचा फॉर्म आहे त्यांना मात्र शेजारी बसवा, काय टाइप होतंय ते त्यांना दिसू दे.

राज्य सरकारच्या 'आपले सरकार' या वेबसाइटवर खातं उघडताना मोबाईल नंबर त्यांचाच टाका. काही एजंट घाईत स्वतःचा नंबर टाकून मोकळे होतात. मग कागद कमी पडला म्हणून अर्ज परत आला तरी जिचा अर्ज आहे त्या बाईला पत्ताच लागत नाही. ओटीपी आला की त्यांनाच वाचायला सांगा. वाचता येत नसेल तर अख्खा मेसेज वाचून दाखवा, कशासाठी आलाय ते सांगा, 'टाकू का मावशी?' म्हणून विचारा आणि हो म्हटल्यावरच टाका. वेळ जातो, जाऊ दे. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला ओटीपी सांगण्याआधी ती मावशी थांबावी, म्हणून हे करायचं. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा नंबरही त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

कागदांचे फोटो आपल्या फोनवर नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवरही मागवू नका. त्यांच्या फोनवर काढा, केबलने लॅपटॉपवर घ्या, अपलोड झाले की रिसायकल बिनमधूनही उडवा. ब्राउझर गेस्ट मोडमध्ये ठेवा, म्हणजे बंद केल्यावर त्यांचं लॉगिन, हिस्ट्री मागे राहत नाही. बिघडलेली झेरॉक्स तिथेच बारीक फाडा, नाहीतर रद्दीतून ती भेळेच्या पुड्याला लागते. नुसती ओळख दाखवायची असेल तिथे मास्क केलेलं आधार काढून द्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात.

कॉलेज अहवालासाठी लाभार्थ्यांची यादी मागेल. किती अर्ज, कोणत्या कामाचे, एवढंच द्या. नावं, नंबर, रांगेतल्या बायकांचे फोटो देऊ नका. सर आग्रह धरतील, तेव्हा शांतपणे सांगा: २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३चा माहिती संरक्षणाचा कायदाही कामापुरतीच माहिती घ्या, काम झालं की पुसा असंच सांगतो. हा मुद्दा मी सोडत नाही, तुम्हीही सोडू नका.

उठण्याआधी प्रत्येकाच्या हातात पोचपावती द्या. त्यावरचा अर्ज क्रमांक आणि दाखला मिळायची तारीख बोट ठेवून दाखवा. तारीख उलटली तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येतं, हेही सांगा.